क्लच मोकळा असताना चिवचिव, पाय टेकवला की बंद. नक्की काय बिघडलंय?

कुंभार्लीकर | १४ जुलै २०२४, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, ५ गिअर, क्लच केबलचा. मीटरवर ९६,००० किमी. क्लच आजवर एकदाही उघडलेला नाही. मी चिपळूणचा. आईला दर पंधरा दिवसांनी कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, त्यामुळे कुंभार्ली घाट चुकत नाही, आणि परत येताना बहुतेक वेळा अंधार झालेला असतो.

मे महिन्यापासून एक आवाज सुरू झालाय. गाडी चालू, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही, अशा वेळी इंजिनच्या आवाजातून बारीक 'चिव चिव चिव' ऐकू येतं. कंपाउंडच्या भिंतीला खेटून गाडी उभी केली की अगदी स्पष्ट. पाय पेडलवर टेकवला की गप्प. उचलला की परत सुरू. सकाळी गार गाडीत कमी, तासभर चालल्यावर जास्त. गिअर व्यवस्थित पडतात, चढाला गाडी ओढते, जळका वास नाही.

दोन गॅरेजांत दाखवली. पहिल्या ठिकाणी बॉनेट उघडून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, पूर्ण क्लच सेट आणि फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक), ३२,००० धरून चला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले क्लच ठणठणीत आहे, गिअरबॉक्सचं बेरिंग गेलंय, बॉक्स पूर्ण खोलावा लागेल. दोघांपैकी कोणीही आत बसून पेडल दाबून बघितलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

पैसे खर्च करायची तयारी आहे. पण कशावर करतोय ते कळायला हवं. आणि तोवर आईला घेऊन घाटातून जाऊ की नको?

---

रानवाट | १४ जुलै २०२४, रात्री १०:४२

माझ्या गाडीला साधारण असाच त्रास होता, म्हणून आधी एक सोपी गोष्ट विचारते. इंजिन बंद ठेवून पेडल दाबलं तर आवाज येतो का? माझ्याकडे 'कुंई' असं यायचं, दर वेळी दाबताना आणि सोडताना. मी आठवडाभर क्लच गेला म्हणून काळजीत होते. शेवटी नाशिकच्या आमच्या मेकॅनिकने पायाशी वाकून पेडलच्या वरच्या पिनेतलं प्लॅस्टिकचं बुश काढून दाखवलं, एका बाजूने पार झिजलेलं. बुश बदललं, ग्रीस लावलं, पंधरा मिनिटांत काम संपलं.

इंजिन बंद असताना येणारा आवाज फिरणाऱ्या भागाचा असूच शकत नाही. पेडल, केबल नाहीतर फोर्क (केबलने ओढली जाणारी क्लचची दांडी), एवढंच शोधायचं उरतं.

---

कुंभार्लीकर | १४ जुलै २०२४, रात्री ११:०५

ताई, आत्ताच खाली जाऊन बघितलं. इंजिन बंद असताना काहीच आवाज नाही. पेडल मऊ आहे.

---

पुणेरी_स्टिअरिंग | १५ जुलै २०२४, सकाळी ८:२०

डिझेल आहे म्हणून विचारतो, गाडीला डबल फ्लायव्हील आहे का? म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं, दोन तुकड्यांचं. माझ्या गाडीत ते गेलं होतं. त्याची खूण अशी की इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी 'धडाड धड' असा धक्का यायचा, आयडलला डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा खडखडाट, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना थरथर. तुम्ही सांगताय तो बारीक चिवचिवाट आहे, त्यामुळे मला ते वाटत नाही. पण इंजिन बंद करताना एकदा लक्ष देऊन ऐका. ३२,००० च्या अंदाजात फ्लायव्हील कुठल्या आधारावर घातलंय ते विचारायला हवं.

---

डेपो_फिटर | १५ जुलै २०२४, दुपारी १:१५

कुंभार्लीकर, मी एसटीच्या वर्कशॉपात २८ वर्षं काढली, आता सांगलीत घरी असतो. बसचा क्लच आणि तुमच्या गाडीचा क्लच आकाराने वेगळे, पण काम तेच. जरा सविस्तर लिहितो, सवडीने वाचा.

गाडी न्यूट्रलला चालू आहे आणि पाय क्लचवर नाही, तेव्हा आत काय चाललेलं असतं? प्रेशर प्लेटने क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरलेली असते. प्लेट फिरते म्हणून तिच्यातून गेलेला गिअरबॉक्सचा टॉप शाफ्ट फिरतो. म्हणजे गाडी जागेवर उभी असली तरी टॉप शाफ्टचं बेरिंग फिरत असतं. क्लच सोडवणारं रिलीज बेरिंग मात्र मागे सरकून मोकळं बसलेलं असतं, निदान तसं बसायला हवं.

आता पेडल हळूहळू दाबा. सुरुवातीला काहीच होत नाही, नुसता ढिलेपणा जातो, त्याला आपण फ्री प्ले म्हणतो. मग फोर्क रिलीज बेरिंगला पुढे ढकलतो आणि ते प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या टोकांवर टेकतं. टेकलं की पाकळ्यांबरोबर फिरायला लागतं. अजून दाबलं की पाकळ्या आत जातात, प्लेट सुटते आणि टॉप शाफ्टचं फिरणं मंदावत थांबतं.

पेडलच्या वाटेवर हे तीन मुक्काम आहेत. आवाज कुठल्या मुक्कामाला सुरू होतो आणि कुठल्या मुक्कामाला थांबतो, त्यावरून तो कोणाचा ते कळतं.

पाय वर असताना आवाज आणि पेडल पूर्ण खाली गेल्यावर बंद: टॉप शाफ्टचं बेरिंग. पाय वर असताना शांत आणि दाबल्यावर गुरगुर, जेवढं दाबाल तेवढी जास्त: रिलीज बेरिंग. आणि पाय वर असताना चिवचिव, नुसता टेकवल्यावर बंद: रिलीज बेरिंग ढिलं पडून पाकळ्यांवर घसटतंय, नाहीतर फोर्क त्याच्या टेकूवर कोरडा थरथरतोय. पायाचा थोडा भार आला की दोन्ही घट्ट धरले जातात आणि आवाज मिटतो.

टेकवल्यावर बंद आणि दाबल्यावर बंद, या दोहोंतला फरक न बघितल्यामुळेच एकाने क्लच सांगितला आणि दुसऱ्याने गिअरबॉक्स. हा फरक तुम्हाला घरी मोजता येईल. स्टीलची फूटपट्टी आहे का?

---

कुंभार्लीकर | १५ जुलै २०२४, दुपारी २:३०

काका, एवढं कोणीच समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. फूटपट्टी आहे. काय करायचं सांगा.

---

डेपो_फिटर | १५ जुलै २०२४, दुपारी ४:००

सपाट जागा. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. गाडी आधी वीस-पंचवीस मिनिटं चालवून गरम करा, कारण तुमचा आवाज गरमीत वाढतो. एसी बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. एसीचं किंवा अल्टरनेटरचं बेरिंग वाजत असलं तर ते या गोंधळात मिसळतं. पण ते क्लचच्या पेडलला जुमानत नाही, त्यामुळे तिथे फसायचं कारण नाही.

पट्टी पेडलशेजारी उभी धरा. घरातल्या कोणाला तरी शेजारच्या सीटवरून पट्टी वाचायला सांगा. पाय बोटाबोटाने खाली न्या आणि दोन आकडे लिहून घ्या.

१. आवाज किती मिमीवर थांबला.
२. क्लच कुठे पकडतो. त्यासाठी पहिला गिअर टाका, हँडब्रेक तसाच ठेवा, हळू सोडत या. गाडीचं नाक किंचित वर येतं आणि इंजिनाचा सूर पडतो, ती जागा. तिथे क्षणभरच, लगेच परत दाबा.

पहिला आकडा फ्री प्लेच्या जवळ आला तर रिलीज बेरिंगची बाजू. दुसऱ्या आकड्याजवळ गेला तर टॉप शाफ्ट. तीन वेळा करा आणि तिन्ही आकडे द्या, सरासरी काढू नका.

---

नवशिक्या_चालक | १५ जुलै २०२४, सायं. ६:१०

मला लायसन्स मिळून चार महिने झालेत, त्यामुळे प्रश्न अगदी साधा असेल. पाय टेकवल्यावर आवाज बंद होतोय, तर केबल थोडी ताणून घेतली की कायमचा बंद होणार नाही का? आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने ओळखीच्या एकांना असंच करून दिलं.

---

डेपो_फिटर | १५ जुलै २०२४, रात्री ८:४५

प्रश्न चांगला आहे आणि वेळेवर विचारलात. आवाज बंद होईल, खरं आहे. पण मग बेरिंग दिवसभर पाकळ्यांवर दाबलेलं राहील, गाडी चालू असेपर्यंत भाराखाली फिरत राहील आणि लवकर संपेल. त्याहून वाईट म्हणजे प्लेट पूर्ण ताकदीने दाबली जाणार नाही. घाटात चढाला इंजिनाचा आवाज वाढेल आणि वेग वाढणार नाही, प्लेट घसरून जळेल. शिवाय प्लेट झिजते तसा फ्री प्ले आपणहून कमी होत जातो. आज शून्यावर आणून ठेवलात तर उद्या शून्याच्या खाली जायला जागाच नाही.

क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असली तरी हेच होतं. तुम्ही नवीन आहात, आत्तापासून डावा पाय बाजूला ठेवायची सवय लावा.

---

खिंडीतला | १५ जुलै २०२४, रात्री ९:३०

डेपो काका, यात पायलट बेरिंगचं राहिलं. माझी पिकअप आहे, मागच्या चाकांना जोर असलेली. जुन्नरहून ओतूरच्या बाजाराला माल नेतो. क्लच पूर्ण दाबून गिअरमध्ये उभं राहिलं की 'हूंऽऽ' असा सूर यायचा, न्यूट्रलला कमी. आधी मी रिलीज बेरिंग बदलून घेतलं, फरक शून्य. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) टोकाला बसवलेलं छोटं बेरिंग हातात आलं, आतले रोलर अर्धे गायब. एकाच महिन्यात दोनदा मजुरी भरली. शेतमालाच्या हंगामात गाडी सहा दिवस उभी राहिली, तो तोटा वेगळाच.

---

डेपो_फिटर | १५ जुलै २०२४, रात्री १०:०५

बरोबर. पेडल खाली आणि गिअर टाकलेला असताना टॉप शाफ्ट थांबलेला असतो आणि क्रँक फिरत असतो. दोघांच्या वेगातला हा फरक पायलट बेरिंगच झेलतं, म्हणून ते तेव्हाच बोलतं. पण कुंभार्लीकरांची गाडी पुढच्या चाकांची आहे, इंजिन आडवं. अशा बऱ्याच गाड्यांत पायलट बेरिंग नसतंच, म्हणून लिहिलं नाही. पिकअप, जीप, ट्रक, बस वाल्यांनी मात्र तुमचा अनुभव लक्षात ठेवावा: बॉक्स खाली आला की पायलट हाताने फिरवून बघितल्याशिवाय वर चढवू द्यायचा नाही.

---

कुंभार्लीकर | १६ जुलै २०२४, रात्री ९:१५

काका, आकडे घेतले. मुलगी पट्टी धरून बसली होती, नववीत आहे, तिने वहीत मांडून दिलेत.

आवाज थांबला: २१, २३, २२ मिमी.
क्लच पकडतो: ८४, ८६, ८४ मिमी.
पेडल नुसतं बोटाने ढकललं तर कडक लागतं ती जागा: २२ मिमी.

म्हणजे ढिलेपणा संपतो तिथेच आवाज थांबतो. आणखी एक सापडलं. काचा बंद करून पेडल पूर्ण दाबलं तर कोरडी 'सर्रर्र' ऐकू येते, अगदी हलकी. आजवर कधी लक्ष गेलं नव्हतं. इंजिन बंद करताना धक्का नाही, ते पुणेरींसाठी.

---

डेपो_फिटर | १६ जुलै २०२४, रात्री ९:५०

मुलीला शाबासकी सांगा. असं मोजून देणारा माणूस वर्कशॉपात मिळत नाही.

आकडे स्पष्ट बोलतायत. २२ आणि ८४ मध्ये एवढं अंतर आहे की टॉप शाफ्टवर संशय घ्यायला जागा नाही. गिअरबॉक्स खोलायचा नाही. रिलीज बेरिंग कोरडं झालंय, फोर्कचा टेकूही कोरडा असणार.

खात्री करायची असेल तर अजून एक. बॉनेट उघडा, गिअरबॉक्सवर केबल जिथे येते तिथे फोर्कची दांडी बाहेर दिसेल. इंजिन आयडलला, न्यूट्रल, आत एक माणूस ब्रेकवर. ती दांडी अंगठ्याने क्लच दाबण्याच्या दिशेला दोन-तीन मिमी रेटा. चिवचिव थांबली तर पेडल आणि केबल दोघेही सुटले, दुखणं आतलंच. बाही दुमडलेली हवी, गळ्यात ओढणी किंवा मफलर नको, पट्ट्याकडे हात जाऊ द्यायचा नाही.

---

सागरगाडी | १६ जुलै २०२४, रात्री १०:२०

मालवणहून. आमच्याकडे खाऱ्या हवेत असे आवाज नेहमीचेच. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) भोकातून किंवा फोर्कच्या रबरातून गंज सोडवायचा स्प्रे मारला की दोन महिने शांत. बॉक्स उतरवायची काय गरज?

---

डेपो_फिटर | १६ जुलै २०२४, रात्री १०:४०

कृपा करून कोणीही हे करू नका. आत प्लेट उघडी फिरत असते. तेलाचा एक थेंब लायनिंगवर, म्हणजे प्लेटच्या पकडणाऱ्या थरावर गेला की प्लेट कधी घसरते, कधी चिकटून पकडते, गाडी उचलताना सगळी थडथडते. तेल प्यालेली प्लेट पुसून ठीक होत नाही. आणि बेरिंग सीलबंद असतं, स्प्रे आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतो. दोन महिने शांत राहतं ते खरं, पण जे थोडं ग्रीस शिल्लक होतं तेही त्यात जातं.

---

सागरगाडी | १६ जुलै २०२४, रात्री ११:००

हे माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मी स्वतःच्या गाडीत मारलाय, आणि पहिल्या गिअरला थरथर तेव्हापासूनच आहे. आता कळलं. माझी पोस्ट वाचून कोणी करू नये.

---

कुंभार्लीकर | १७ जुलै २०२४, सकाळी ७:४५

दांडी रेटून बघितली. आवाज तिथल्या तिथे थांबला. सोडली की सुरू.

आता मोठा प्रश्न. रविवारी, २१ला, आईची तारीख आहे. जाऊ का?

---

पुणेरी_स्टिअरिंग | १७ जुलै २०२४, सकाळी ८:३०

गिअर नीट पडतायत, क्लच घसरत नाही, आवाज दोन महिन्यांचा आहे. मी असतो तर गेलो असतो. अशी बेरिंगं कुरकुरत वर्षभरही चालतात.

---

डेपो_फिटर | १७ जुलै २०२४, सकाळी ११:२०

पुणेरी, चालतात हे मी पण बघितलंय. पण जे बेरिंग अडकलं ते पाकळ्यांवर घासून त्यांना खोल चरे पाडतं, मग प्रेशर प्लेटही गेली. आणि ते फुटलं किंवा फोर्क टेकूवरून निसटला तर क्लच सुटतच नाही. उतारावर गिअर काढता येतो, घालता येत नाही. पावसात, धुक्यात, अंधारात, आजारी माणूस शेजारी असताना ती वेळ यायला नको. रविवारी दुसऱ्या गाडीने किंवा एसटीने जा, चिपळूण–कराड गाड्या आहेत. पुढच्या आठवड्यात काम करून घ्या.

काम देताना सांगायच्या गोष्टी सांगतो, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते. बेरिंग बदललं काय आणि पूर्ण सेट बदलला काय, मजुरी तेवढीच. म्हणून आत काय दिसतंय ते स्वतः उभं राहून बघा. प्लेटचे रिव्हेट लायनिंगच्या किती खाली आहेत ते व्हर्नियरने मोजायला सांगा. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलात ०.३ ते ०.५ मिमीच्या आत आलं की बदला असं असतं. पाकळ्यांची टोकं एका पातळीत आहेत का, मधल्या डँपर स्प्रिंगा हाताने हलतायत का, क्रँकचं मागचं सील ओलं आहे का, टॉप शाफ्ट हाताने वरखाली हलवून खेळतोय का, हे सगळं तेव्हाच बघायचं. आणि नवीन रिलीज बेरिंग कोणी डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुवायला घेतलं तर हात धरा. ही सवय फार जणांना आहे.

---

लेथ_उद्यमनगर | १७ जुलै २०२४, दुपारी ३:००

फ्लायव्हीलबद्दल माझं सांगणं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथचं काम आहे. क्लचच्या कामात फ्लायव्हील सरसकट बदलायला किंवा सरसकट फेस मारायला (लेथवर पृष्ठभाग कापून सपाट करायला) लावतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि नख फिरवून चर लागत नसेल तर पॉलिश पेपरने तकाकी मोडली की पुरे. निळे-काळे डाग म्हणजे तिथे धातू तापून कडक झालाय, बारीक भेगा दिसल्या तर मग फेसिंग किंवा बदली. दोन तुकड्यांचं असेल तर लेथवर घेऊच नका.

---

कुंभार्लीकर | २७ जुलै २०२४, रात्री १०:३०

मंडळी, काम झालं. रविवारी आईला एसटीने नेऊन आणलं, आणि गुरुवारी गाडी दिली. यावेळी खेर्डीतल्या एका लहान गॅरेजमध्ये. मी वहीतले आकडे दाखवले तेव्हा मेकॅनिकदादांनी ते आधी वाचले, मग स्वतः आत बसून पेडल दाबलं, आणि म्हणाले, "बेरिंगच आहे, चला उतरवू." मला दिवसभर बाजूला उभं राहू दिलं.

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा जे दिसलं ते लिहिताना अजून कसंतरी होतं. बेल हाउसिंगच्या तळाशी वाळलेल्या गाळाचा बोटभर थर. बारीक, मऊ, वर भेगा पडलेला, शेतातलं तळं आटल्यावर दिसतो तसा. पाणी जायचं तळाचं भोक त्याच गाळाने बंद. मेकॅनिकदादांनी स्क्रूड्रायव्हरने एक खपली उचलून माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "२०२१च्या पुरात गाडी कुठे होती?"

२२ जुलै २०२१ला ही गाडी आमच्या गल्लीतच होती. वाशिष्ठीचं पाणी दारापर्यंत आलं तेव्हा गाडीला अर्ध्या चाकाच्या वर पाणी होतं. नंतर इंजिन ऑइल बदललं, गिअर ऑइल बदललं, सीटा काढून वाळवल्या, वायरिंग तपासलं. बेल हाउसिंग उघडायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. त्या दिवसांत घरातला चिखल काढायला माणसं मिळत नव्हती, गाडीचं एवढं कोण बघणार. तीन वर्षं तो गाळ तिथेच होता.

रिलीज बेरिंग हातात घेऊन फिरवलं तर वाळू भरल्यासारखं अडकत फिरत होतं. बेरिंग ज्या नळीवर पुढेमागे सरकतं तिच्यावर तांबेरा आणि एका बाजूला चर. फोर्कच्या टेकूवर ग्रीसचा मागमूस नाही, टेकायच्या जागी खळगा पडून चकाकत होता. चिवचिव तिथलीच असणार. पाकळ्यांवर बारीक चकचकीत वर्तुळ, पण पातळी सारखी. क्रँक सील कोरडं. टॉप शाफ्ट घट्ट, काही खेळ नाही. काका, तुम्ही सांगितलं तसंच.

प्लेटचे रिव्हेट ०.७ मिमी खाली. बदलायच्या मर्यादेपर्यंत पोचले नव्हते, पण जवळ आले होते. मजुरी एकदाच द्यायची म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेरिंग तिन्ही बदलले, फोर्कही नवीन. फ्लायव्हील नखाने बघितलं, चर नाही, एका बाजूला फिकट डाग होता, भेग नाही. पॉलिश पेपर मारून तेच ठेवलं. एकूण बिल १२,८०० झालं, मजुरी धरून.

---

डेपो_फिटर | २७ जुलै २०२४, रात्री ११:१०

फार बरं वाटलं. पुराचं पाणी हे एकटं कारण म्हणणार नाही, ९६,००० ला बेरिंग तसंही थकलेलं असतं. पण गाळाने आणि गंजाने त्याचं आयुष्य कमी केलं हे नक्की. २०२१च्या पाण्यात उभ्या राहिलेल्या चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरकडच्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी निदान तळाचं ते भोक तारेने मोकळं करून घ्या. काही गाड्यांत तिथे पत्र्याचं झाकण असतं, दोन बोल्ट काढले की आत टॉर्च मारता येतो.

ग्रीस कुठे आणि किती लावलं ते सांगा. प्लेट मध्यावर कशी आणली?

---

कुंभार्लीकर | २८ जुलै २०२४, सकाळी ८:००

ग्रीस टेकूवर, फोर्कच्या दोन टोकांवर, नळीवर अगदी पातळ हात. टॉप शाफ्टच्या दात्यांवर लावलं आणि प्लेट एकदा घालून-काढून बाहेर आलेलं सगळं फडक्याने पुसलं, म्हणजे फिरताना लायनिंगवर उडायला नको. प्लेट मध्यावर आणायला त्यांच्याकडे जुन्या गिअरबॉक्सचा कापलेला टॉप शाफ्ट होता, तोच आत घातला. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळले. बेरिंग धुतलं नाही, मी डोळ्यात तेल घालून बसलो होतो.

---

रानवाट | २८ जुलै २०२४, सकाळी ९:२५

किती छान लिहिलंत. आमच्या शेजारच्यांची गाडी २०१९च्या गोदावरीच्या पुरात भिजली होती, त्यांना धागा पाठवते. आईंची तब्येत कशी आहे?

---

कुंभार्लीकर | २८ जुलै २०२४, सकाळी ९:४०

ताई, बरी आहे. एसटीच्या खिडकीतून घाटातले धबधबे बघायला मिळाले म्हणून खूष होती, गाडीत नेतो तेव्हा काच उघडू देत नाही म्हणते.

---

नवशिक्या_चालक | २८ जुलै २०२४, दुपारी १२:१५

मी पण काल पट्टी घेऊन आमच्या गाडीचा फ्री प्ले मोजला. १७ मिमी आला. ठीक आहे ना? आणि एक. रिव्हर्स टाकताना कधी कधी 'खर्र' होतं, ते पण बेरिंगच का?

---

डेपो_फिटर | २८ जुलै २०२४, दुपारी २:००

केबलच्या क्लचला साधारण १५ ते २५ मिमी चालतो, तरी तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा बघा, तोच खरा. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी सोय) नसतो. क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा, टॉप शाफ्टला थांबायला वेळ द्या, मग टाका. तेवढं थांबूनही दर वेळी खर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा आणि दाखवा. हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी ऑइलची पातळी आणि हवा बघायची.

---

कुंभार्लीकर | ७ सप्टेंबर २०२४, सायं. ५:५०

आज गणपती बसले. सकाळी आरती झाल्यावर काकांनी फोनवर आठवण करून दिली होती तशी पट्टी लावली. कामानंतर १,१४० किमी झालेत. फ्री प्ले २० ठेवला होता, तो १६ झालाय, नवीन प्लेट बसल्यामुळे. अर्धा आटा सोडून परत २० वर आणला. आकडा मुलीने त्याच वहीत खाली लिहून ठेवलाय.

भिंतीला खेटून उभी केली, काच खाली करून ऐकलं. नुसतं इंजिन. उद्या आईला घेऊन कराडला निघतोय.